कारल्याने केलेली बदली

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरले आणि नामपल्लीच्या कचेरीतले एकनाथराव औरंगाबादच्या यादीत जाऊन पडले. गौलीगुड्यातले घर, संध्याकाळचा इराणी चहा, दोस्तांची बैठक हे सगळे सोडायच्या विचारानेच त्यांना घाम फुटे. आशा एकच होती, ती म्हणजे त्यांची शक्कर, म्हणजे मधुमेह. इथल्याच डॉक्टरचा इलाज चालू आहे असा दाखला मिळाला, की बदली टळणार होती.

पण घरात जयवंताबाई होत्या. नवऱ्याला शक्कर आहे हे कळल्यापासून त्या रोज कारले, जांभळाची बी, मेथी आणि कडुलिंबाचा काढा त्याला पेलाभर पाजत.

"अगं, तपासणी होईस्तोवर तरी नक्को ना!"

"का नको? शक्करनं माणूस आतून गंजतो. कडू म्हंजे आतली कल्हई. डॉक्टर बघणार हाय, तर मी काय गंजका नवरा धाडू?"

आणि पेल्याचा तांब्या झाला.

एकनाथरावांनी चिडून, शक्कर चढावी म्हणून चोरून जिलेब्या हाणल्या. पण बाईंना पाकाचा वास आला आणि दुपारच्या डब्यातही कारलेच आले. कडू कारले साखरेत घोळले तरी कडूच, हे त्यांना दवाखान्यात पटले. डॉक्टरांनी नळीतल्या निळ्या औषधात लघवी घालून दिव्यावर तापवली. शक्कर असती तर रंग विटकरी व्हायचा. तो निळाच राहिला.

"मुबारक हो! काढ्यानं की नशिबानं, काय की, पण शक्कर नाही. दाखला कशाचा देऊ?"

एकनाथराव तणतणत कचेरीत आले आणि बदल्यांची यादी करणाऱ्या हिम्मतराव साहेबांच्या खोलीत थेट शिरले.

"साहेब, बायकोनं बुडवलं! कडू पाजून पाजून शक्कर घालवली. जिलेबी खाल्ली तरी परत येईना!"

साहेब खुर्चीत सरळ झाले. "जिलेबी खाऊनसुद्धा? अहो, मलाबी शक्कर हाय. काय पाजतात वहिनी?"

रागाच्या भरात एकनाथरावांनी सगळे सांगितले, तांब्यासकट.

साहेबांनी यादी पुढे ओढली. "तुमचं रडगाणं ऐकून कालच मी तुमचं नाव कापलं होतं."

एकनाथरावांना साहेबांचे पाय धरावेसे वाटले.

"पण औरंगाबादला मीबी चाललोय," म्हणत साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "नाव परत घालतो. वहिनींना सांगा, तिकडं रोज दोन तांबे करायचे."