फोकसपुरत्या बाई

स्टेडीकाकांनी न्हाणीघराचा दिवा मालवला, दार लावून घेतलं आणि कॅमेऱ्याच्या भात्यात टॉर्च पेटवून ठेवला. भात्यातून सगळं तारांगण बाहेर आलं. आधी एक चांदणी, मग दोन, मग झुबकेच्या झुबके. काका बादली पालथी घालून तिच्यावर बसले. उजेडाने कॅमेऱ्यात यायचं ते समोरच्या भिंगातून, पाहुण्यासारखं. इथे तो चाळणीतून पीठ पडावं तसा यायला टपला होता.

हा कॅमेरा म्हणजे खिशात मावणारा चावट प्रकार नव्हे. सागवानी पेटी, पितळी भिंग, मधे घड्याघड्यांचा कातडी भाता, खाली तीन पायांचा स्टँड आणि मागे डोक्यावर घ्यायचं काळं कापड. काकांनी उभा जन्म त्या कापडाखाली काढला होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कापडातून आवाज यायचा, "स्टेडी... स्टेडी..." आणि रडकं पोरसुद्धा श्वास धरून बसायचं. गावाच्या तीन पिढ्यांचा श्वास त्यांनी असा कोंडून ठेवला, म्हणून नावच पडलं स्टेडीकाका. पुढे लोक आपले फोटो आपणच काढायला लागले, स्टुडिओला कुलूप लागलं. मग काकू गेल्या. एकुलती एक लेक लांबच्या शहरात. घरात बोलायला उरला तो रेडिओ, आणि त्याला ऐकून घ्यायची सवय नव्हती.

लेकीचा फोन दर रविवारी यायचा.

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"जेवलात?"

"जेवलो."

"बरं मग."

एका रविवारी मात्र 'बरं मग'च्या आधी एक वाक्य जास्तीचं आलं. "बाबा, तुमचा एक बरासा फोटो पाठवा ना. माझ्याकडे एकही नाही. फोटो पाहिला की भेटल्यासारखं होतं."

भेटल्यावर जरा जास्तच भेटल्यासारखं होतं, असं काका म्हणणार होते. पण तोवर 'बरं मग' होऊन गेलं होतं.

आणि खरंच की! सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा फोटो काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. कुणाच्या तरी मोबाइलवर काढून घेतला असता तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं; पण मग ही गोष्टही अर्ध्या मिनिटात संपली असती. काकांनी माळ्यावरून कॅमेरा उतरवला.

भात्याच्या चांदण्या बुजवायला काळं अस्तर हवं होतं. इमारत काटकोनात वळलेली होती, त्यामुळे शिवणवाल्या ताईंची खिडकी बरोबर काकांच्या खिडकीसमोर यायची. काकांनी तिथूनच हाक मारली. ताईंनी मशीन न थांबवता दोरीच्या पिशवीतून चिंध्या धाडल्या आणि विचारलं, "काय शिवताय काका?"

"भोकं."

"आम्हीही तेच करतो," ताई म्हणाल्या आणि संभाषण संपलं. त्या महिन्यातलं ते काकांचं सगळ्यात लांब संभाषण होतं.

भाता झाला, भिंगावरची बुरशी गेली, अडकलेलं शटर चार थेंब स्पिरिट पिऊन शुद्धीवर आलं. फिल्मचा खोका कुरियरने आला. आणि मग काकांच्या ध्यानात आलं की एक माणूस कमी पडतोय.

त्याचं असं, की या कॅमेऱ्याला मागच्या काचेवर बघून फोकस करावा लागतो. कापडाखाली शिरायचं, भिंग पुढेमागे सरकवायचं आणि समोरच्याचा डोळा लखलखीत दिसला की थांबायचं. आता काका कापडाखाली असताना समोर खुर्चीत काका कसे असणार? कुणाला तरी घटकाभर बसवायला हवं. पण काकांनी मनातल्या मनात सगळी इमारत पालथी घातली, तरी 'या हो, जरा बसा माझ्या घरी' असं ज्याला म्हणता येईल असं एक दार सापडेना.

शेवटी त्यांनी खुर्चीत लोड उभा केला. लोडावर उशी बांधली. उशी घसरायला लागली म्हणून काकूंची तपकिरी शाल डोक्यावरून, खांद्यावरून गुंडाळली. तरी फोकस जमेना. फोकस डोळ्यांवर धरायचा हा धंद्याचा पहिला नियम, आणि उशीला डोळे नसतात. काकांनी कपाटातून काकूंचा चष्मा आणला आणि उशीवर चढवला. काचेवर तो असा चमकला की काका कापडाखाली जरा वेळ नुसतेच उभे राहिले. मग सवयीने बोलले, "हनुवटी जरा खाली. खांदे सैल सोडा. अस्सं. स्टेडी..."

समोरच्या खिडकीतलं मशीन थांबलं.

फोटो त्याच दिवशी निघाला असता. पण खुर्चीत बसून शटर दाबायला लांब रबरी नळी लागते, तिच्या टोकाला फुगा असतो. काकांनी फुगा दाबला, तर नळी वाळक्या शेंगेसारखी तडकली. नवी मागवली. ती यायची होती तोवर लोड हलवून चालणार नव्हतं. हलला की फोकस गेला. तेव्हा लोड खुर्चीतच राहिला, दाराकडे पाठ, खिडकीकडे खांदा. जेवताना काका त्याच्या समोर बसायचे, कारण दुसरी खुर्ची तिथेच होती. समोर बसलं की काहीतरी बोललं जातंच. "आज भाजी खारट झाली," ते म्हणायचे. उलट उत्तर येत नसे. बोलणं मनसोक्त होई.

इमारतीचे सेक्रेटरी आले तेव्हा काका कापडाखाली होते. हे सेक्रेटरी आजवर फक्त पाण्याची टाकी धुवायच्या आदल्या दिवशी यायचे, तेही जिन्यातूनच ओरडायचे. आज ते दारात उभे होते.

"काका, पाहुणे आहेत म्हणे?"

काकांचं सगळं चित्त काचेवर होतं. "आहेत. त्यांना हलवू नका."

"छे छे, मी कशाला..." सेक्रेटरींनी शालीच्या पाठीला नमस्कार केला. शालीने तो घेतला नाही. "कमी बोलतात वाटतं?"

"अजिबात बोलत नाहीत."

"नशीबवान आहात," सेक्रेटरी तळमळून म्हणाले. काकांनी कापडातून डोकं काढलं, काय घोटाळा झालाय हे त्यांना उमगलं आणि ते "अहो, तसं नाही" म्हणणारच होते. पण सेक्रेटरी तोवर उंबऱ्याशी स्टुलावर टेकले होते. "बरं झालं हो काका. तुम्ही एकटे असता, आमचा जीव लागून राहायचा." हा जीव इतकी वर्षं कुठे लागून राहिला होता कुणास ठाऊक. पण स्टुलावर बसलेला माणूस होता, आणि त्याला तासभर तरी उठायची घाई दिसत नव्हती. काका म्हणाले, "चहा घेणार?"

त्या दिवसापासून काकांचे दिवस पालटले. दूधवाला न सांगता पिशवी वाढवून देऊ लागला. जिन्यात लोक "कसं काय काका?" विचारून उत्तरासाठी थांबू लागले. शिवणवाल्या ताई तर खिडकीतून थेट बोलायच्या.

"काका, किती सोशिक आहेत हो त्या! मी बघते ना, सकाळपासून एका जागी. ना हू ना चू. तुम्ही मात्र सारखे 'मान वर, मान खाली'. थोडं दमानं घ्या."

"घेतो," काका म्हणायचे.

"आणि त्यांना कधी माझ्याकडे पाठवा. मोकळं वाटेल."

"त्यांना चालवत नाही."

"अगं बाई! पायांचं दुखणं?"

पायच नाहीत, हे काकांच्या अगदी ओठावर आलं होतं. ते म्हणाले, "जुनं आहे."

मग मंगळवारी लेकीचा फोन आला. मंगळवारी! काकांना आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

"बाबा, घरात कोण आहे?"

"कुणी नाही. मी आहे."

"सेक्रेटरींचा फोन आला होता. एक बाई आहेत म्हणाले. शाल घेतलेल्या. म्हणाले, छान जमलंय दोघांचं."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर म्हातारा उशीला चष्मा घालून तिच्याशी बोलतो, हे लेकीला सांगावं लागणार. मग डॉक्टर, मग तपासण्या, मग 'बाबांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही' अशा दबक्या आवाजातल्या बैठका. खोटं सांगायचं तर या वयात थेरं. वेडं ठरण्यापेक्षा वाईट ठरलेलं बरं, असा काकांनी हिशेब केला.

"बोलायला माणूस लागतं गं," ते म्हणाले.

 मग लेक म्हणाली, "मी येते रविवारी." आणि 'बरं मग' न म्हणता फोन ठेवला.

काकांना एकाच वेळी आनंद झाला आणि घाम फुटला. लेक येणार! कशासाठी येणार, तर भांडायला. पण येणार तर खरी. त्यांनी ठरवलं, रविवारी ती यायच्या आत फोटो काढून मोकळं व्हायचं, लोड जागेवर, शाल कपाटात. विचारलं तर सांगायचं, गेल्या त्या आपल्या गावाला. नळीही शनिवारी, अंधार पडल्यावर का होईना, येऊन पोचली.

पण लेकीची गाडी वेळेआधी आली. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं. काका शेवटचा फोकस बघत कापडाखाली होते. मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. तेव्हा आधी छताला चिकटलेलं दार उघडलं, मग छतावरून दोन चपला चालत आल्या आणि त्यांच्याखाली लोंबकळत आपली लेक आली. हातात कापडी पिशवी. काका जागच्या जागी स्टेडी झाले.

लेक खुर्चीच्या मागे थांबली. शालीच्या पाठीशी बोलायला लागली. वाटेत घोकलेलं असावं, कारण एका दमात आलं.

"नमस्कार मावशी. मी यांची मुलगी. भांडायला नाही आले, घाबरू नका. मला... आभार मानायचे होते. मला यायला होत नाही. म्हणजे होईल, पण मी येत नाही. दर रविवारी फोन ठेवला की वाटतं, हे आता दिवसभर काय करत असतील. तुम्ही आहात कळलं तेव्हा मला पहिल्यांदा शांत झोप लागली. तुमच्यासाठी स्वेटर आणलाय. माप माहीत नव्हतं."

कापडाखाली काकांना काचेवरचं काही दिसेनासं झालं. फोकस बरोबर होता.

"मावशी?" म्हणत लेक पुढून आली. तिने उशी पाहिली. उशीने चष्म्यातून तिला पाहिलं.

"बाबा," ती शालीचं टोक चिमटीत धरून म्हणाली, "ही आईची शाल."

"हो."

"हा आईचा चष्मा."

"फोकसला लागतो," कापडातून आवाज आला. मग कापड बाजूला करून काकांनी सगळं सांगून टाकलं. फोटो, भाता, नळी, सेक्रेटरी, सगळं. ऐकता ऐकता लेक खाली फरशीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावायची वेळ आली आणि ते तसंच थोडा वेळ चाललं.

"उठा," शेवटी नाक पुसून ती म्हणाली. "बसा खुर्चीत. फुगा मी दाबते." आणि तिने लोडाच्या कमरेला मिठी मारून त्याला उचललं, फरफटत आतल्या खोलीत नेलं आणि धाडकन दार लावलं.

समोरच्या खिडकीत शिवणवाल्या ताईंच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

काका खुर्चीत बसले. लेक कापडाखाली शिरली. "बाबा, तुम्ही उलटे दिसताय!"

"मला सगळं गाव उलटंच दिसत आलंय. डोळा बघ. डोळा लखलखला की सांग."

"लखलखलाय," ती म्हणाली, काचेच्या जागी फिल्म सरकवली आणि फुगा दाबला. त्याच क्षणी दारावर असे गुद्दे बसले की काका दचकून हातभर उडाले. तीन पिढ्यांना स्टेडी ठेवणारा माणूस आपल्या एकुलत्या एका फोटोत हलला.

दारात शिवणवाल्या ताई होत्या. गळ्यात टेप, मागे सेक्रेटरी, त्यांच्या मागे निम्मी इमारत.

"कुठे आहेत त्या?" ताई गरजल्या. "मी डोळ्यांनी पाहिलं! कमरेला धरून फरफटत नेलंत! पायाने अधू बाई!"

लेकीने बापाकडे पाहिलं. बापाने फरशीकडे पाहिलं. आतलं दार उघडून लोड दाखवला की ताई निवतील, हे दोघांनाही कळत होतं; आणि मग जन्मभर जिन्यात काय ऐकावं लागेल, हेही. लेकीने पदर खोचला.

"गेल्या त्या. मागच्या दाराने. मीच रिक्षात बसवून घालवलं त्यांना."

"घालवलंत? असं माणूस दिवा घेऊन शोधून मिळत नाही! आता यांच्याकडे कोण बघणार? तुम्ही?"

"हो."

"कधी?"

 "दर रविवारी."

"बघते हं मी. माझं बसणंच खिडकीत असतं."

त्यानंतर लेक रविवारी येऊ लागली. कधी उशिरा येते, कधी पाठ दुखते म्हणते. पण यायचं चुकवत नाही, कारण समोर मशीन चालू असतं. बाकीचे सहा दिवस मात्र इमारतीने वाटून घेतले. काकू गेल्या तेव्हा लोक आठवडाभर आले होते आणि मग ज्याच्या त्याच्या कामाला लागले होते. या बाई गेल्यावर लोकांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं, की काका एकटे आहेत. सेक्रेटरी संध्याकाळी स्टूल ओढून बसतात आणि खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "सवय होईल हळूहळू."

"हो," काका म्हणतात, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून येतो. जेवताना समोरची खुर्ची आता रिकामी असते.

शिवणवाल्या ताई तर दर दोन-तीन दिवसांनी उंबरा ओलांडून आत येतात, इकडेतिकडे बघतात आणि आवाज उतरवून विचारतात, "काही निरोप त्यांचा?"

"नाही अजून."

"येईल हो. इतकी माया लावलेलं माणूस असं तोडून जात नाही." आणि त्या बसतात, चांगल्या दिवेलागणीपर्यंत. कारण गेलेल्या माणसाची वाट कुणी बघत नाही. पण या बाई, देवाच्या दयेने, हयात आहेत.