उघडा मेनू आणि कोळंबखिंडीची बदली

श्री. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी, बुधवार. सकाळी दहा वाजता दौलतीचे वेबपान रयतेस खुले जाहले, आणि त्याजवरील मेनू जो उघडला तो मिटेना. पुढे काय वर्तमान घडले ते सविस्तर लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घालावे ऐसा प्रसंगही आला नाही.

दौलत थोर. डोंगरापासोन खाडीपावेतो तिची ठाणी, आणि ठाण्याठाण्यांवर शाळा, आणि शाळांवर मास्तर नेमिलेले. मास्तरांच्या बदल्या वर्षातून एकवार, वैशाखात. पूर्वी मास्तर जातीने येवोन कचेरीच्या पायरीवर बसत आणि अर्ज देत. दिवाण गणोजीराव यांचे मनात आले की पायऱ्या मोकळ्या असाव्या, शोभा राहते. मग आज्ञा जाहली की औंदा अर्ज वेबपानावरोनच घ्यावे, शनिवारी सायंकाळी पाचपावेतो येतील ते घ्यावे, आणि ज्याचा राहिला त्याने पुढील वैशाखाची वाट पाहावी. पान बांधण्याचे काम वृंदाबाई गव्हाणे यांजकडे आले. बाई कामास चोख, जिभेस तिखट. त्यांचे यजमान मारुतराव कोळंबखिंडीच्या ठाण्यावर मास्तर होते, सहा वर्षे तेथेच अडकले होते, आणि घरी लहान कन्या होती ती बापास 'फोनमधले बाबा' म्हणे. हे कचेरीत सर्वांस ठाऊक होते, म्हणोनच बाई त्याविषयी चकार शब्द काढीत नसत.

आता ब्राउझर म्हणजे काय, तर ज्या झरोक्यातून वेबपान पाहावयाचे तो झरोका. दौलतीत तीन ब्राउझर चालत: थोरला, मधला आणि धाकटा. पान कैसे लिहावे आणि झरोक्याने ते कैसे दाखवावे याचे दंडक जगातील जाणत्यांनी बसोन ठरविले आहेत. धाकटा ते दंडक पाळी, मधला बहुतेक पाळी, आणि थोरला दंडक हाती घेई, मस्तकी लावी आणि आपले तेच करी. दोन चौकटी शेजारी ठेविल्या तर थोरला एक खाली पाडी. अंतर दिले तर दुप्पट धरी. कां म्हणोन विचारावे तर बोलत नसे. ऐशा थोरल्यासाठी इतर कारागीर पानात चोरकलमे लिहीत, म्हणजे थोरल्यापुरता निराळा हुकूम, इतरांच्या नजरेआड. वृंदाबाईंची मात्र प्रतिज्ञा होती की एकच पान, एकच दंडक, आणि चोरकलम लिहिणे नाही. 'आज एकासाठी खोटे लिहिले की उद्या त्या खोट्याची उस्तवार करीत बसावे लागते,' ऐसे त्या म्हणत. त्यांनी पान बांधिले ते तिन्ही झरोक्यांत सरळ दिसे. वर मानचिन्ह, त्याखाली मेनू, आणि मेनूखाली ठसठशीत बटण: बदली अर्ज. मेनूवर माउस नेला की पोटातील नावे खाली उतरत, माउस काढिला की मिटत.

परंतु दौलतीचा शिरस्ता ऐसा की जे कागदावर आले नाही ते जन्मास आले नाही. वेबपान जाहले तरी त्याची प्रिंट काढावी, ती खात्याखात्यांतून फिरावी, सह्या व्हाव्या, आणि मग पान कागदाबरहुकूम आहे की नाही हे ताडोन पाहावे. प्रिंट काढिली चिटणीस सखोपंत यांनी. ती काढते समयी त्यांचा माउस मेनूतील 'दौलतीविषयी' या नावावर विसावला होता, आणि त्याच्या पोटातील इतिहास, भूगोल, मानचिन्ह आणि दिवाणसाहेबांचा संदेश ही चारही नावे खाली उतरली होती. तैशीच प्रिंट निघाली. ती सर्व खात्यांतून फिरली, जो तो आपल्या खात्याचे नाव आहे ना एवढेच पाहता जाहला, आणि शेवटी दिवाणसाहेबांनी लिहिले, 'पाहिले. याबरहुकूम व्हावे.' मग सखोपंत कागद घेवोन वृंदाबाईंकडे आले.

"बाई, तुमच्या पानात मेनू मिटलेला दिसतो. कागदात उघडा आहे."

"पंत, तुमचा माउस तेथे होता म्हणोन तो उघडला. काढिला की मिटेल."

"कागदावरचा मिटत नाही. मी पाहिले."

"कागदावरचा कैसा मिटेल?"

"तेच म्हणतो मी. मिटलेला मेनू मंजूर नाही."

बाईंनी पुष्कळ समजाविले, आणि पंतांनी प्रत्येक वेळी मान हलवोन कागदावरील सही दाखविली. शेवटी बाईंनी मेनू कायमचा उघडा केला, दंडकाप्रमाणे केला, म्हणजे तो उघडला की खालील मजकूर आपोआप खाली सरके आणि बटणास जागा राहे. धाकट्यात सरकला, मधल्यात सरकला. थोरला मात्र जागचा हलेना. मेनू येवोन थेट बटणावर बसला, आणि बटण त्याखाली गडप जाहले. आणि थोरला ब्राउझर कोठे कोठे होता, तर सर्व डोंगरी ठाण्यांवर होता, आणि एक खुद्द दिवाणसाहेबांच्या मेजावर होता. कां की सर्व यंत्रे एकाच खरेदीतील.

बुधवारी दहा वाजून गेले नाहीत तो कोळंबखिंडीहून फोन आला.

"अगं, अर्जाचं बटण कुठाय?"

"मेनूच्या खाली."

"मेनूच्या खाली मानचिन्हाचा इतिहास आहे."

"अहो, खाली म्हणजे आत. दडलंय."

"बरं. शोधतो. सहा वर्षं काढली, अजून थोडं शोधायला काय."

बाईंना बोलणे लागले. त्या विचार करू लागल्या की थोरल्यापुरता मेनू मिटवावा; पण डोंगरावर मिटेल तो दिवाणसाहेबांच्या मेजावरही मिटेल, कां की झरोका तोच, आणि मग कागदाशी ताडताना पंतांस तात्काळ दिसेल. दिवाणसाहेबांस नवा ब्राउझर द्यावा ऐसे सुचविले, तेव्हा दिवाणसाहेब बोलिले, "यास आम्ही कैसे सांभाळिले ते आम्हांस ठाऊक. नवा आमचे ऐकेल कशावरून?" थोरला ऐकत होता ऐसा त्यांचा समज होता. मग बाईंनी शेवटचा उपाय मांडिला की नवी प्रिंट काढावी, मेनू मिटलेला असावा, आणि तिजवर नव्याने सही व्हावी. हे मात्र मान्य जाहले, आणि बाईंना वाटले की सुटलो.

गुरुवारी सखोपंतांनी प्रिंट काढिली, आणि स्वामिनिष्ठा म्हणोन ती दिवाणसाहेबांच्याच यंत्रावरोन काढिली. तेथे थोरला. तेथे मेनू उघडा, कां की तो आता कायमचा उघडा, आणि नव्या सहीवाचोन मिटविण्याची बाईंस मुभा नव्हती; आणि बटण त्याखाली, म्हणजे कागदावर नाहीच. ती प्रिंट फिरली, सह्या जाहल्या, दिवाणसाहेबांनी 'पाहिले' लिहिले. मग पंत ताडावयास बसले आणि बाईंकडे येवोन समाधानाने बोलिले, "आता एकच बाब राहिली. मधल्या आणि धाकट्या ब्राउझरात एक बटण जादा आढळते. कागदात नाही. ते काढावे."

बाईंनी खुर्ची मागे सरकविली. "पंत, त्या बटणासाठी तर हे पान केले."

"पान मंजुरीसाठी केले, बाई. बटण तुम्ही घातलेत."

"मास्तरांनी अर्ज कोठोन करावा?"

"तो विषय आमच्या टेबलाचा नव्हे," ऐसे बोलोन पंत जेवावयास गेले. पंत दुष्ट नव्हते. आपला डबाही बहुत वेळा ते बाईंस अर्धा देत. परंतु सही जाहल्यावर त्यांस पुढचे दिसत नसे, जैसे काही जनांस संध्याकाळनंतर दिसत नाही.

मग बाईंनी प्रतिज्ञा मोडिली. चोरकलम लिहिले, आणि एक नव्हे, तिन्ही झरोक्यांसाठी लिहिले. बटण अदृश्य केले, आणि ते उचलोन मेनूच्या चौथ्या नावावर, म्हणजे 'दिवाणसाहेबांचा संदेश' याजवर, पांघरूण घालावे तैसे घातले. दिसावयास पान कागदाबरहुकूम. परंतु संदेशावर दाबिले की बदलीचा अर्ज उघडे. हेच नाव कां निवडिले, तर दिवाणसाहेबांनी संदेश अद्याप लिहोन दिला नव्हता, आणि दिला असता तरी तो कोणी दाबील ऐसे बाईंस वाटले नाही. पंतांनी कागद लावोन ताडिले आणि बोलिले, "आता कैसे दिसते पाहा. उगाच हट्ट करीत होता."

बाईंनी कोळंबखिंडीस फोन केला आणि युक्ती सांगितली.

"म्हणजे साहेबांच्या संदेशावर दाबलं की सुटका?" मारुतराव हसले. "हे आधी कळतं तर."

"चेष्टा पुरे. आधी सगळ्या ठाण्यांवर कळवा. प्रत्येक मास्तराला. आणि तुमचा अर्ज सगळ्यांच्या शेवटी भरा."

"शेवटी का?"

"पान माझं आहे. तुमचा आधी आला तर लोक काय म्हणतील?"

"लोक सहा वर्षं काहीच म्हणाले नाहीत, वृंदा."

"अहो, तरी पण."

मारुतराव भला गृहस्थ. त्याने डोंगरी ठाण्यांवर एकेकास फोन लाविले, ज्यास फोन लागेना त्याजकडे मनुष्य धाडिला, आणि शुक्रवारपासोन अर्ज येऊ लागले. शनिवारी दुपारपावेतो दौलतीतील बहुतेक मास्तरांचे अर्ज दाखल जाहले, आणि बाईंनी त्या दिवसांत प्रथमच चहा गरम असता प्याला.

शनिवारी दुपारी दिवाणसाहेब कचेरीत एकटे बसले होते. त्यांचे मनात आले की आपला संदेश कैसा दिसतो ते पाहावे. लिहोन दिला नव्हता हे त्यांस आठवले नाही. थोरांचे संदेश कोणी ना कोणी लिहितोच. त्यांनी संदेशावर दाबिले आणि अर्ज उघडला. त्या पानावरही मेनू कागदाबरहुकूम उघडा होता, आणि तो नेमका 'बदली अर्ज' या मथळ्यावर बसला होता, म्हणोन मथळा दिसला नाही. दिसले ते प्रश्न: नाव काय, हुद्दा कोणता, सध्याच्या ठिकाणी किती वर्षे, काही अडचण आहे काय, आणि पसंतीचे ठिकाण कोणते. दिवाणसाहेबांनी ते दोनदा वाचिले. मग सखोपंतांस बोलावोन बोलिले, "पंत, पान आमची विचारपूस करते. इतक्या वर्षांत कोणी अडचण विचारली नव्हती." आणि त्यांनी स्वहस्ते सर्व भरिले. अडचण या रकान्यात पाठदुखी आणि मनुष्यबळ लिहिले, पसंतीचे ठिकाण 'येथेच' ऐसे लिहिले, आणि दाखल केले. पंत शेजारी उभे राहोन शुद्धलेखन सांगत होते.

सायंकाळी साडेचारास मारुतराव खिंडीच्या माथ्यावरील ठाण्यात पोहोचले, आता कोणी राहिला नाही याची खातरजमा केली, आणि मग आपला अर्ज भरिला. तो शेवटचा. त्याच्या अगदी पुढला अर्ज दिवाणसाहेबांचा.

सोमवारी अर्जांचा निवाडा सुरू जाहला. नियम दिवाणसाहेबांचाच की अर्ज आले त्या क्रमाने निकालात काढावे, पुढला निकालात निघाल्यावाचोन मागल्यास हात लावू नये, वशिला चालू नये. नियम चांगला होता. एकावाचोन सर्व मास्तरांचे निवाडे दोन दिवसांत जाहले, कोणी खाडीकडे गेला, कोणी गावी गेला, आणि मग कारकून दिवाणसाहेबांच्या अर्जापाशी येवोन थांबला. मंजूर करावा तर दिवाणसाहेबांची येथून येथे बदली होते, आणि त्यास पदमुक्त कोण करणार? नामंजूर करावा तर तैसे लिहावयाचे कोणी? काढोन टाकावा तर त्याची प्रिंट काढोन अर्जदाराची सही घ्यावी लागते.

"साहेबांस सांगावे की तो अर्ज बदलीचा होता," वृंदाबाई बोलिल्या.

"सांगावे," पंत बोलिले. "मग ते विचारतील की संदेशाखाली बदली कोणी ठेविली."

"मी ठेविली. मी सांगते."

"बाई, बसा. तुम्ही सांगाल, पान बंद होईल, आणि पान बंद तर त्यातील सर्व निवाडे रद्द. जे मास्तर सामान बांधोन निघाले त्यांस परत बोलवावे काय?"

बाई बसल्या नाहीत. त्यांनी मेजावरील माउस उचलिला आणि तो पंतांच्या कागदावर, मेनूच्या उघड्या नावावर, ठेविला आणि काढिला. कागद होता तैसाच राहिला. पंत बोलिले, "पाहिलेत?" आणि मग हळू आवाजात बोलिले, "मजला ठाऊक आहे, बाई, मागला अर्ज कोणाचा ते." बाई थेट दिवाणसाहेबांच्या दारी गेल्या. दार उघडे होते. दिवाणसाहेब प्रसन्न होते, बाईंस पाहोन बोलिले, "या, गव्हाणेबाई. पान उत्तम जाहले. ते आमच्या पाठदुखीचे उत्तर कधी धाडणार?"

येणेप्रमाणे बुधवार सकाळी दहापावेतोची हकिकत. आठवडा जाहला. मेनू उघडा आहे. निवाड्यासाठी अर्ज दोन राहिले, पहिला दिवाणसाहेबांचा, दुसरा कोळंबखिंडीचा. बाई अद्याप दारात उभ्या आहेत.