पक्क्यांचा जोड

पक्क्यांनी ठरवलं होतं ते एवढंच, की त्या रविवारी दुपारी झोपायचं नाही.

'पक्के' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं त्यांनी जे जे जोडलं ते कुणाच्या बापाला सुटलं नाही, म्हणून पडलेलं नाव. पण तीन महिन्यांपूर्वी तिथं आपोआप चालणारी नवी यंत्रं आली आणि पक्क्यांची उचलबांगडी स्टोअरच्या खिडकीत झाली. तिथं ते आता हातमोजे वाटत. (एका सहीला एक जोडी.) कालपरवा लागलेली माणसं खिडकीशी येऊन "काका, मीडियम द्या" म्हणत, तेव्हा आपण कधीकाळी मायक्रॉनच्या भाषेत बोलत होतो हे त्यांना आठवे आणि ते मुद्दाम लार्ज देत.

तर त्या रविवारी नववीतली लेक बाहेरच्या खोलीत फरशीवर रोबो मांडून बसली होती. शाळेच्या संघात ती आणि तिच्या तीन मैत्रिणी. शनिवारी स्पर्धा. रोबो म्हणजे चाकांवरचा एक ठोकळा, खरी गंमत त्याच्या पुढे लावायच्या अवजारांत. एक उचलणारं, एक ढकलणारं, एक कडी ओढणारं. अडीच मिनिटांत तिन्ही कामं उरकायची, म्हणजे रोबो कोपऱ्यात परत आला की एक अवजार काढायचं आणि दुसरं बसवायचं. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

"पुन्हा पडलं गं," लेक फोनवर मैत्रिणीला सांगत होती. "घट्ट बसवलं तर निघत नाही, सैल बसवलं तर वळणावर गळून पडतं."

पक्क्यांनी 'पडलं' तेवढं ऐकलं. 'निघत नाही' हे शब्द कानावरून गेले. ती तक्रारही असू शकते हे त्यांना बावीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

"आण इकडे."

"बाबा, नुसतं सांगा हं. करायचं नाही. मोठ्यांनी बनवलेलं चालत नाही, नियम आहे."

"सांगतोच आहे की," म्हणत पक्क्यांनी माप घ्यायला कॅलिपर काढलासुद्धा.

पुढचे चार दिवस संध्याकाळी बाल्कनीत कानस चालू होती. ॲल्युमिनियमचा तुकडा पट्टीसारखा सरळ झाला, त्याला खाच पडली, खाचेत बसणारी जीभ झाली. जीभ अडकवायला स्प्रिंग हवी होती, ती त्यांनी बाथरूमच्या कडीतून काढली. (तेव्हापासून आंघोळ एका पायानं दार रेटून धरत करावी लागे.) बायको दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचं ऐकून घेऊन ती दमलेली असे, त्यामुळे घरी काही विचारायच्या फंदात ती पडत नसे.

गुरुवारी मात्र विचारावंच लागलं. कारण स्वयंपाकघरातल्या फळीच्या खालच्या अंगाला जोडाचा अर्धा भाग स्क्रूनं बसवलेला, उरलेला अर्धा त्यात अडकवलेला, आणि त्याला पाण्यानं भरलेली बादली लटकत होती.

"बघितलंस?" पक्के म्हणाले. "अर्धा तास झाला. ढिम्म हललं नाही!"

"छान. आता काढा ती."

"का?"

"मला फरशी पुसायचीय."

पक्क्यांनी ओढलं. मग वाकवून ओढलं. मग दात खाऊन ओढलं.

"अहो, पण पोरीला ते निघायला हवंय ना?"

"आधी टिकायला हवं! निघायचं काय, निघेल." असं म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी लोंबकळून हिसका दिला, आणि निघालं. फळी निघाली. तिच्याबरोबर पीठ निघालं, साखर निघाली, चहाचा डबा निघाला, आणि वर बादली उपडी झाली. त्या चिखलात बसल्या बसल्या पक्क्यांनी जोड शोधून काढला, शर्टाला पुसला आणि उंच धरला.

"बघ! शाबूत आहे!"

बायकोनं झाडू आणून त्यांच्या हातात दिला.

शेवटी पेचकस आणि हातोडी घालून दोन भाग वेगळे झाले. शुक्रवारी सकाळी पक्क्यांनी जोड फडक्यात गुंडाळून लेकीच्या दप्तरात ठेवला.

"बाबा, पण..."

"पण नाही नि बिण नाही. लाव आणि बघ."

लेक थोडा वेळ त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. बोटांना चिकटपट्ट्या होत्या. "बरं," ती म्हणाली.

शनिवारी सभागृहात पक्के बायकोबरोबर दुसऱ्या रांगेत बसले होते. शिट्टी झाली. रोबो निघाला, वळणावर वळला, ठोकळे उचलून आला. पुढच्या बाजूला काहीतरी चंदेरी चकाकत होतं.

"तो जोड दिसतोय ना?" पक्के शेजारच्या माणसाला म्हणाले.

"तुम्ही केलात?"

"छे छे!" पक्के म्हणाले. (हे अशा सुरात, की शेजाऱ्यानं अभिनंदन केलं.)

रोबो कोपऱ्यात आला. लेकीनं अवजार ओढलं. निघेना. दुसरीनं ओढलं. चौघी झोंबल्या. घड्याळ धावत होतं. शेजाऱ्यानं आपले पाय जरा पलीकडे घेतले. बायको समोरच बघत राहिली, तेवढंच पुरे होतं. भोंगा वाजला तेव्हा तिन्हीतलं एकच काम झालं होतं.

तरी निम्मे गुण मुलाखतीला होते. सगळे रोबो सभागृहाच्या पार टोकाला जमा करून ठेवले होते, मुलाखत वहीवरच चालायची. पालक मागे उभे.

"अवजार का निघालं नाही?" परीक्षकांनी विचारलं.

"चूक आमची आहे, सर," लेक म्हणाली. "जोड आम्हीच बनवला, पण घाईत. पुरेसा तपासला नाही." तिनं वही उघडून आधीचे सात प्रयत्न दाखवले, कुठला का फसला तेही सांगितलं. परीक्षक मान डोलावत भराभर लिहीत होते.

"असं सरळ सांगणारे थोडे असतात," ते म्हणाले. "मला आवडलं."

पक्क्यांना भरून आलं. एवढीशी पोर, आणि बापाचं पाप पोटात घालतेय! तीन महिन्यांत त्यांना कुणी हातमोज्यांखेरीज काही विचारलं नव्हतं, आणि इथं त्यांच्यावाचून कुणी खरं सांगणार नव्हतं. ते पुढे झाले.

"साहेब, तिचं ऐकू नका. तो जोड मी केलाय."

"बाबा!"

"नाही, बोलू दे मला."

"अहो बाबा, तो जोड..."

"गप्प! खोटं बोलायला नाही शिकवलं मी तुला."

परीक्षकांचं पेन थांबलं. "पूर्ण तुम्ही केलात?"

"पूर्ण! कापणं, कानस, फिनिशिंग. पोरींना हातसुद्धा लावू दिला नाही."

परीक्षकांनी आधीच्या लिखाणावर आडवी रेघ मारली. "नियम माहीत आहे ना तुम्हाला?" त्यांनी मुलींना विचारलं.

"सर, पण हा तो नाहीये..."

"वडिलांना सांभाळून घेतेस, कळतंय मला. पण आता इलाज नाही." संघ बाद झाला.

परतताना बायको चार पावलं पुढे चालत होती. लेक वही छातीशी धरून पक्क्यांच्या बाजूनं चालत होती.

"रागावलीस?" पक्क्यांनी विचारलं. "अगं, नंबर काय, पुढच्या वर्षी येईल. पण बाप खरं बोलला, हे लक्षात राहील तुझ्या."

"बाबा, तुमचा जोड आज आम्ही लावलाच नव्हता."

"म्हणजे?"

"शुक्रवारीच काढला. चौघींनी ओढला तरी निघेना, पेचकस घालावा लागला. आणि नियमात तर बसतच नव्हता. मग आम्ही प्लॅस्टिकचा केला, वर चंदेरी टेप लावली. ती टेप दुमडून खाचेत अडकली. मी खरंच सांगत होते."

पक्के रस्त्यातच थांबले. मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवून पाहिली आणि वळसा घालून गेला.

"म्हणजे अडकलं ते माझ्यामुळे नाही?"

"नाही."

पक्क्यांनी मोठा श्वास सोडला.

"बाद झालो ते तुमच्यामुळे," लेक म्हणाली.

बायकोनं मागे वळून पाहिलं नाही. पण तिची पावलं जराशी मंदावली, ऐकू यावं म्हणून.

पुढच्या चौकात पक्क्यांना राहवेना.

"मग माझा जोड कुठाय?"

"विज्ञानाच्या बाईंनी ठेवून घेतलाय. त्यांच्या टेबलावर आहे."

पक्क्यांची मान आपोआप वर झाली. "असं? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पंखा कितीही मोठा केला तरी आता कागद उडत नाहीत."