कोपरा बकरीनं खाल्ला

चिठ्ठी आली की लोक आधी ता.क. वाचतात, हे मी बोरगावातल्या साऱ्या आळीसमोर छातीठोक सांगतलं. वरच्या मजकुरात असते काय? इकडील क्षेम, तिकडील कळवावे. खरी गोष्ट खाली, ताज्या कलमात!

शेजारचे अण्णाजी मास्तर म्हणाले, "भैयाजी, ता.क. म्हणजे विसरभोळ्या माणसाची शेपटी. तिच्याकडं कोणी पाहत नाई."

लागली पैज. हरला त्यानं चौकात, लोकायसमोर मिशी उतरवाची.

दुसऱ्याच दिवशी अण्णाजीनं माह्याजवळ एक कार्ड टाकाले देलं. त्यायच्या प्रमोदिनीचं लय वर्षांनी आष्टीले जमलं होतं. साक्षगंधाले येत्या बुधवारी या, असं व्याह्याले लिहिलं होतं. मी कार्ड ओट्यावर ठेवून पान लावून राह्यलो होतो, तं बकरीनं कोपरा खाल्ला.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे घरात कोणी गेलं, हे शेंबड्या पोरालेही ठाऊक. दुसरं कार्ड आणता आलं असतं. पण पैज चालत घरी आलती! मी खाली ठसठशीत लिहिलं, 'ता.क. कोपरा बकरीनं खाल्ला. सारे खुशाल.' अन् देलं पोस्टाच्या डब्यात टाकून.

सोमवारीच आष्टीचे पाव्हणे मोटरीतून उतरले. बाया आळीच्या तोंडापासून रडत आल्या. व्याही रूपराव खाली मान घालून. घरात बापलेक दोघंच; अक्षर अण्णाजीचं, म्हणजे अण्णाजी जिवंत; मंग गेली असन पोरगीच, असा हिशेब त्यायनं मोटरीतच लावलता. नवरदेवाची आजी अनुसयाबाई सर्वात मोठ्यानं रडे.

तेवढ्यात पाय धुवाले पाणी घेऊन प्रमोदिनी बाहेर आली.

रडणं मधातच थांबलं. अण्णाजीचं तोंड राखेसारखं झालं. एवढा अपशकुन झाल्यावर सोयरीक कोण ठेवते?

अनुसयाबाईनं पोरीचे गाल चाचपले, हात चाचपले. मंग पदरानं डोळे पुसले.

"हिच्यासाठी एवढी रडली मी. आता दुसरी नातसून कुठं पाहू? कुंकू आणा."

कुंकू लागलं. मंग मी बकरीचं अन् ता.क.चं सारं कबूल केलं. अण्णाजीनं रूपरावले हळूच इचारलं, ता.क. वाचला नाई काय.

"कोपरा पाहून पुढं वाचत कोण बसते, मास्तर?"

साऱ्या आळीनं माह्याकडं पाह्यलं.

चौकात न्हाव्यासमोर बसलो. मिशी उतरली तसे जाणारे-येणारे थांबले, टोप्या काढून उभे राह्यले. बाजारले आलेला पुनाजी तं बाजूले येऊन बसला, पाठीवर हात ठेवला.

"धीर धर, भाऊ. जवळचं कोण गेलं?"

"मिशी," मी म्हणलं.