कासाबाईच्या देव्हाऱ्यातली डिस्क

सर्व्हर सुरू झाला, पण त्यात एकही मेंढी नव्हती.

झरीच्या शेळी-मेंढी पालक संघाची सगळी जनावरं याच यंत्रात होती. कुणाच्या कानात कोणत्या नंबरचा बिल्ला, कुणाला कोणती लस कधी टोचली, सगळं. दैवशालानं लेक पोटात असताना आणि नंतर ती मांडीवर असताना, दोन वर्षं खपून एकेक जनावर त्यात चढवलं होतं. आज दसऱ्याची सुट्टी संपवून ती कामावर आली, तर पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी चिठ्ठी. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, किल्ली हवी तर पैसे पाठवा.

आज सोमवार. गुरुवारी लस यायची होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, यादी नाही तर लस नाही. शुक्रवारी कळप चराईला पालमकडं निघणार, मग ते कुठले सापडायला.

दैवशालानं आधी नेटची वायर उपटली. मग बाकीचे दोन कॉम्प्युटर बंद केले. मग सचिव भागवतरावांना बोलावलं.

"सर, सर्व्हरमधी कुणीतरी शिरलंय."

दारात झाडू घेऊन कासाबाई उभी होती. संघ निघाल्यापासून कार्यालयाची किल्ली तिच्याकडं. ती तशीच मागं फिरली आणि कुलूप बघून आली.

"कुलूप धड हाय. माझ्याकडून कुणी आत गेलं न्हाई."

"मावशी, हे असल्या दारातून येत न्हाईत. आतल्यानं कुणी दार उघडलं की येतेत," दैवशाला म्हणाली आणि नोंदी बघू लागली. सर्व्हर शेवटचा लावला होता खंडेनवमीला, दुपारी चारला. त्या दिवशी ती घरी होती, लेकीला ताप होता. "सर, नवमीला सर्व्हर कुणी लावला?"

भागवतरावांनी चष्मा पुसला. "पूजा झाल्यावर जरासा. मेलवर दसऱ्याच्या शुभेच्छा आल्या होत्या. सोनं लुटायला इथं दाबा म्हणून. आपट्याची पानं हालतेत म्हणं त्यात. मोबाईलवर उघडंना, म्हणून मोठ्या पडद्यावर दाबलं."

"मग हालली का पानं?"

"न्हाई."

"मी त्याच दिवशी सांगितलं होतं," झाडता झाडता कासाबाई म्हणाली. "हळद-कुंकू लावलेल्या हत्याराला नवमीला हात लावायचा नसतो. आमी लोकर कातरायच्या कातरीला लावत न्हाई. पन झाडूवाल्या बाईचं कोण ऐकायलंय."

"त्याला एक मेल करू का, गरिबाचा संघ हाय म्हणून?" भागवतराव म्हणाले. "चोर झाला तरी मानूसच हाय."

"काही लिहू नका, सर. बॅकअप हाय आपल्याकडं."

दर शुक्रवारी दैवशाला सगळ्या नोंदींची प्रत एका तळहाताएवढ्या काळ्या डिस्कवर घ्यायची आणि विसरायला नको म्हणून ती डिस्क सर्व्हरच्या मागं जोडूनच ठेवायची. ती वाकली. मागं धूळ होती आणि झेंडूची एक पाकळी होती. डिस्क नव्हती. तिनं हात घालून चाचपून पाहिलं. मग लक्षात आलं, डिस्क इथं असती तर चोरानं तिलाही कुलूप घातलं असतं. म्हणजे असती तरी रडायचं आणि नाही म्हणूनही रडायचं.

टेबलं हलवली, कपाट उपसलं. भागवतरावांनी पूजेच्या तांब्यातसुद्धा डोकावून पाहिलं. कचरा टाकून आलेली कासाबाई दारात थांबली.

"काय हुडकायलाव?"

"काळी डबी, मावशी. हितं मागं लावलेली असती."

"ती व्हय. ती माझ्या घरी हाय, देव्हाऱ्यात."

भागवतराव तांब्यासकट खुर्चीत बसले.

"असं काय बघायलाव? नवमीला समद्यांनी आपापलं हत्यार पुजलं. साहेबांनी पेन ठिवला, डाक्टरांनी सुई. ताई आल्या न्हाईत, मग त्यांचं हत्यार तसंच ऱ्हायलं असतं की. दर शुक्रवारी त्या डबीला पदरानं पुसतेत, मी बघते न्हवं. म्हणून न्हेली आन् आमच्या कातरीशेजारी ठिवली."

"कधी काढली, मावशी? साहेबांनी सर्व्हर लावायच्या आधी का मागून?"

"आधी. जेवायच्या आधीच. यंत्र बंद होतं तवा."

दैवशालाला तिच्या पायाच पडावंसं वाटलं.

डिस्क आली ती हळदीची बोटं लेवून. भागवतराव ती जोडायला धावले.

"थांबा, सर. घाण अंथरुणावर लेकराला निजवतेत का?"

दोन दिवस दैवशाला हलली नाही. सर्व्हर पुसून कोरा केला, सगळं नव्यानं बसवलं. एका सुट्या, नेट नसलेल्या लॅपटॉपवर आधी डिस्क तपासली. सगळे पासवर्ड बदलले. भागवतरावांचा तर त्यांचंच नाव आणि पुढं एक-दोन-तीन असा होता, अख्ख्या झरीला पाठ. कोपऱ्यात बांधलेल्या झोळीत लेक झोपायची, आणि कासाबाई एका हातानं झोका देत म्हणायची, "तुमी करा. मी हाय."

बुधवारी दुपारी मेंढ्या परत आल्या. फक्त शेवटच्या प्रतीनंतर जन्मलेली पिलं नव्हती. तेव्हा कासाबाईचा मेंढपाळ नवरा धोंडीबा स्टुलावर बसला आणि डोळे मिटून एकेका मेंढीचं नाव घेत सांगू लागला. "बांडीला दोन, एक नर. खैरीला एक, कानावर पांढरा ठिपका." अकरा पिलं त्यानं न अडखळता सांगितली. नंतर कळपात जाऊन मोजली तर अकराच भरली.

गुरुवारी लस झाली. शुक्रवारी कळप पालमच्या वाटेला लागले.

दैवशालानं भिंतीवर नवे नियम लावले. सर्व्हरवर कुणी मेल उघडायची नाही. प्रत झाली की डिस्क काढायची आणि कार्यालयाबाहेर ठेवायची. परभणीच्या इंजिनिअरनं फोनवर विचारलं, "बाहेर म्हणजे कुठं?"

"देव्हाऱ्यात."

"तिला हात कोण लावू शकतं?"

"एकच बाई. दुसरं कुणीच न्हाई."

"आमच्याकडं एवढी कडक व्यवस्था न्हाई, मॅडम," तो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी व्यवस्था तपासायला भागवतराव स्वतः डिस्क आणायला गेले. कासाबाई उंबऱ्यातच आडवी आली.

"आंघोळ झाली का, साहेब?"

"सकाळीच."

"मग हाटेलात बसून भजी खाल्लीत की. मी बघितलंय."

संघाचे सचिव मुकाट्यानं हापशावर गेले आणि हातपाय धुऊ लागले.