पाच तोंडांचं यंत्र

उष्णता कधीही नष्ट होत नाही. ती फक्त एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर घालता येते. हा सृष्टीचा नियम आहे आणि सुखी कुटुंबाचाही. सृष्टीच्या बाबतीत तो सिद्ध करायला मोठमोठ्या विद्वानांना आयुष्यं घालवावी लागली. कुटुंबाला एक बैठक पुरली.

(बैठका तशा अकरा झाल्या. पण पहिल्या दहांत बैठक कुठल्या खोलीत घ्यायची एवढंच ठरत होतं, कारण हॉलमध्ये फार उकडत होतं.)

बैठकांचं मूळ म्हणजे घरातले कर्ते पुरुष, अर्थात अध्यक्ष. ते आयुष्यभर एका कचेरीत अधीक्षक होते. निवृत्त होताना कचेरीनं त्यांना एक घड्याळ दिलं आणि त्यांनी कचेरीतून कार्यपद्धती घरी आणली. तेव्हापासून त्या घरात साधा बल्ब गेला तरी आधी विषय मांडला जातो, मग चर्चा होते, आणि तोवर कोणीतरी बल्ब बदललेला असतो. हे 'कोणीतरी' म्हणजे अध्यक्षांची बायको. तिनं पन्नाशी ओलांडली आहे, पण सासूबाई ठणठणीत आहेत, त्यामुळे घरादारात ती अजून सूनबाईच.

उरलेली माणसं दोनच. एक सासूबाई, ज्यांना ऐन उन्हाळ्यातही पायाला गार लागतं. दुसरे चिरंजीव, जे घरात बसून कॉम्प्युटरवर नोकरी करतात आणि ऐन थंडीतही उकडतं म्हणून बनियनवर असतात (मीटिंग असेल तर वरून शर्ट). अध्यक्षांना स्वतःला काय होतं हे त्यांनी जाहीर केलेलं नाही, पण जे काही होतं ते दुसऱ्याच्या चुकीमुळे होतं.

अशा माणसांना हॉलमधला एक जुना एसी आणि थंडीत वायर धरून या खोलीतून त्या खोलीत ओढायचा एक हीटर कसा पुरणार? एसीचा रिमोट बहुधा सासूबाईंच्या उशीखाली मिळे. तेव्हा विज्ञानानं लावलेला एक अत्यंत न्याय्य शोध या घरात आणायचं ठरलं. घराबाहेर एक मोठा डबा. त्यातून निघालेल्या पाच बारीक नळ्या. प्रत्येक नळीच्या टोकाला, एकेका खोलीच्या भिंतीवर, वारा सोडणारं एकेक तोंड. उन्हाळ्यात ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं, थंडीत बाहेरची उचलून आत आणतं. प्रत्येक खोलीचा रिमोट वेगळा, हवा वेगळी. अशा खोलीला 'झोन' म्हणतात. आजवर माणसं एका घरात राहून एकमेकांशी बोलत नसत. आता त्यांना एका घरात राहून वेगवेगळ्या ऋतूंतही राहता येतं. याहून मोठी प्रगती सांगता येणार नाही.

सूनबाईचं मागणं एकच होतं. वयाच्या या टप्प्यावर तिच्या अंगातून अधूनमधून आपोआप वाफा निघत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "होतं असं, होईल कमी, जरा गारव्यात राहा." तेव्हापासून ओट्यापाशी उभं असताना मानेवर एक गार झुळूक यावी, एवढंच तिच्या मनात होतं. पाच तोंडांपैकी एक स्वयंपाकघरात लागलं की झालं. तिनं तसं अध्यक्षांना सांगितलंही. अध्यक्ष म्हणाले, "सर्वेक्षण होऊ दे."

सर्वेक्षणाला सल्लागार आला. त्याच्याकडे भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर सांगणारं माप होतं. ठिपका पाहून सासूबाईंनी आधी पदर झटकला. मग त्याला विचारलं, "हे नजरेला बाधत नाही ना रे?"

"नाही आजी. फक्त भिंती मोजतोय."

"भिंती कुठे जातायत? माणसं मोज."

सल्लागारानं माणसंही मोजली. प्रत्येक खिडकीची दिशा, प्रत्येक भिंतीवरचं ऊन आणि प्रत्येक खोलीत बसणाऱ्या माणसाच्या अंगची उष्णता हे सगळं त्याला हिशेबात धरायचं होतं. (बसलेला माणूस एका जुन्या पिवळ्या बल्बाइतकी उष्णता देतो, असं तो म्हणाला. प्रकाशाचं त्यानं काही सांगितलं नाही.) अध्यक्ष हॉलमध्ये बसतात. सासूबाई त्यांच्या खोलीत बसतात, चिरंजीव त्यांच्या. रात्री अध्यक्ष झोपायच्या खोलीत आडवे होतात.

"आणि या?" सल्लागारानं सूनबाईकडे ठिपका रोखून विचारलं. "या कुठे बसतात?"

"ती बसत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे जास्त वेळ कुठे बसतात?"

"अहो, बसतच नाही ती. लग्न झाल्यापासून पाहतोय ना मी."

सल्लागार अडचणीत आला. त्याच्या पद्धतीत बसलेल्या माणसाला जागा होती, झोपलेल्याला होती. इकडून तिकडे जाणारी वस्तू वाऱ्याच्या सदरात येते आणि वाऱ्याला झोन देता येत नाही. शिवाय स्वयंपाकघरात तेलाचा धूर होतो, त्यानं जाळी तुंबते. शिवाय तिथे गॅस असल्यानं थंडीत ऊब नैसर्गिकच मिळते. उन्हाळ्यात गरम होतं हे खरं, पण ते तात्पुरतं असतं (सकाळपासून रात्रीपर्यंतच).

चार तोंडं अशी लागली. पाचवं उरलं. अकराव्या बैठकीत त्यासाठी दोन नावं आली: स्वयंपाकघर आणि पाहुण्यांची खोली.

पाहुण्यांच्या खोलीची बाजू भक्कम होती. जावईबापू आले तर? ते आजवर एकदाच राहिले होते आणि तेव्हाही हॉलमध्ये झोपले होते, कारण पाहुण्यांच्या खोलीत गाद्या आणि रजया छतापर्यंत रचलेल्या असतात. पण ते पुन्हा येणारच नाहीत असं कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय, असा प्रश्न अध्यक्षांनी विचारला. सूनबाई म्हणाली, "मी सांगते. परवाच लेकीचा फोन होता." हे वैयक्तिक मत म्हणून वगळण्यात आलं.

मतदान झालं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठे होतं हे? चार बर्नर पेटवून उभी राहायचे मी. काही झालं का मला?" आणि त्यांनी गाद्यांच्या बाजूनं हात वर केला. स्वयंपाकघर तीन विरुद्ध एक असं पडलं.

आता बाहेरचा मोठा डबा कुठे बसवायचा? पुढच्या बाजूला लावला तर घराची शोभा जाते. सासूबाईंच्या खिडकीपाशी घरघर होईल. झोपायच्या खोलीपाशी अध्यक्षांची झोपमोड, चिरंजीवांच्या खोलीपाशी नोकरीला धोका. राहिली ओट्यामागची खिडकी. डबा तिथे लागला आणि अशा रीतीनं स्वयंपाकघरालाही यंत्रणेत प्रतिनिधित्व मिळालं. अध्यक्षांनी सूनबाईचं खास अभिनंदनही केलं. "सगळ्यात मोठा भाग तुझ्याकडे आलाय."

यंत्रणा उत्तम चालू झाली. इतकी उत्तम, की पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांनी स्वेटर काढला (कपाटातून). सासूबाईंनी रिमोट उलटा धरून गारवा वाढवला आणि मग कानाला रुमाल बांधला. चिरंजीवांनी बनियनवर ब्लँकेट घेतलं. आणि घरातून एकच मागणी येऊ लागली.

"अगं, जरा चहा टाक."

"सूनबाई, आलं घालून दे गं. हात गारठलेत."

"आई, मलाही. मोठ्या कपात."

इथे यंत्रणेचं खरं सौंदर्य समजून घेतलं पाहिजे. चार खोल्यांत बसलेल्या माणसांची उष्णता (आणि पाचव्या खोलीतल्या गाद्यांची) नळ्यांतून गोळा होऊन बाहेरच्या डब्यात येत होती. डबा ती ओट्यामागच्या खिडकीतून स्वयंपाकघरात फुंकत होता. खिडकी लावावी तर गॅसनं जीव गुदमरतो, म्हणून ती उघडीच. त्या भट्टीत उभी राहून सूनबाई चहा उकळत होती आणि तीच उष्णता कपांत भरून, ट्रेमध्ये ठेवून, ज्याची त्याला परत नेऊन देत होती. एक थेंब वाया जात नव्हता. या यंत्रणेला खोलीखोलीत हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळीची गरज लागत नाही अशी जाहिरात करतात. या घरापुरती ती खोटी होती. एक नळी होती. तिला साडी होती.

घरात केलेल्या एका पाहणीनुसार (पाहणारा एकच, तोही ब्लँकेटमध्ये) यंत्र आल्यापासून कुटुंबाच्या सुखात साठ टक्के वाढ झाली आणि चहात दुप्पट. बैठकीत या दोन आकड्यांचा संबंध लावायचा विषय निघाला होता, पण तेवढ्यात चहा आला.

एका दुपारी सूनबाई रजई ठेवायला पाहुण्यांच्या खोलीत गेली. दार उघडलं आणि ती जागच्या जागी थबकली. आत अशी गार, स्वच्छ, शहाण्यासारखी हवा होती की तिला क्षणभर आपण चुकून दुसऱ्याच्या घरात आलो असं वाटलं. यंत्र गंजू नये म्हणून अध्यक्ष ते रोज चालू ठेवत होते. झुळूक थेट गाद्यांच्या मानेवर येत होती.

तिनं दार आतून लोटलं. आणि ती बसली.

पुढचा इतिहास हा चहा न आल्याचा इतिहास आहे. पहिली हाक गेली, दुसरी गेली. चिरंजीवांनी फोनवर संदेश पाठवला. फोन ओट्यावर वाजला. शेवटी अध्यक्षांनी सल्लागाराला फोन लावला.

"तुमच्या यंत्रणेत बिघाड झालाय."

"गारवा येत नाहीये का?"

"गारवा येतोय. चहा येत नाहीये."

सल्लागार म्हणाला, ते वॉरंटीत येत नाही.

शोध सासूबाईंनी लावला. त्यांनी पाहुण्यांच्या खोलीचं दार ढकललं, तर सून गाद्यांना टेकून, पाय पसरून, डोळे मिटून. कपाळ कोरडं. तिचं असं कोरडं कपाळ सासूबाईंनी लग्नाच्या फोटोनंतर पाहिलं नव्हतं. सून धडपडत उठू लागली.

"आई, आलेच. आधण ठेवते."

सासूबाई दारातून आत आल्या. त्या वाऱ्याकडे बघत होत्या की आपल्या चार बर्नरांकडे, कोण जाणे.

"मला झालं होतं गं," त्या म्हणाल्या. "त्या वाफा. मला वाटायचं गॅसच्याच आहेत."

मग म्हणाल्या, "सरक तिकडे. आणि कडी लाव."

आता इलाज नव्हता. अध्यक्ष स्वतः स्वयंपाकघरात गेले. पातेलं सापडलं, चहापत्ती सापडली, गॅस तिसऱ्या प्रयत्नात पेटला आणि मागच्या खिडकीतून त्यांच्याच हॉलची, त्यांच्याच खोलीची, त्यांच्याच चिरंजीवांची सगळी उष्णता त्यांच्या तोंडावर आली. ते लालबुंद होऊन बाहेर आले, घाम पुसला आणि तातडीची बारावी बैठक बोलावली.

अध्यक्ष म्हणजे काही निर्दय माणूस नव्हे. स्वयंपाकघरात माणूस उभा राहू शकत नाही हे त्यांनी पहिल्याच वाक्यात मान्य केलं. चिरंजीवांनी अनुमोदन दिलं. तेव्हा पुढील ठराव मंजूर झाला: सूनबाई सध्या पाहुण्यांच्या खोलीत बसत असल्यानं विजेची किटली, कप आणि चहाचे डबे त्या खोलीत हलवावेत, जेणेकरून तिला बसल्याबसल्या चहा करता येईल. चहा जिथे होतो ती खोली स्वयंपाकघर ठरते. आणि स्वयंपाकघर हा झोन नसतो, हे अकराव्या बैठकीत बहुमतानं ठरलेलंच आहे. सबब तिथलं पाचवं तोंड काढून हॉलमध्ये अध्यक्षांच्या खुर्चीवर लावावं.

ठराव दाराबाहेर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवण्यात आला.

आतून कडी निघाली नाही. फक्त सासूबाईंचा आवाज आला, "रिमोट माझ्या मांडीखाली आहे. आणि मी बसलेय."

किटली अजून दाराबाहेर ठेवलेली आहे. अध्यक्ष हॉलमध्ये गारठून बसले आहेत; यंत्र बंद करावं असा विषय पुढच्या बैठकीत येऊ शकतो.

तुम्ही हे वाचत आहात म्हणजे तुम्हीही कुठेतरी बसला आहात, हे उघड आहे. हाताशी कपही असेल. तो गरम असेल, तर ती उष्णता कोणाच्या अंगावरून आली हे आता तुम्हाला ठाऊक आहे. पण उठू नका. अर्धा कप राहिलाय. आधी तो संपवा, आणि हाक मारा.