पेटी क्रमांक सत्तेचाळीसमधील वस्तू

उत्खननाची कागदपत्रं लावणाऱ्या कार्यालयात डोळे चोळणं नियमबाह्य नाही. म्हणून मंगळवारी दुपारी नोंदकाराने चष्मा काढला, समोरच्या उघड्या पेटीच्या कडेवर ठेवला आणि निर्धास्तपणे डोळे चोळले. तेवढ्यात चष्मा पेटीत घसरला. तो तोंड धुऊन परत येईपर्यंत चष्म्याला क्रमांक पडला होता.

क्रमांक टाकणाऱ्या ताई म्हणजे कामाला वाघ. पेटीत दिसेल ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा नियम त्या प्राणपणाने पाळत. त्यांनी लिहिलं होतं: 'दोन काचा, मध्ये जोड, बाजूंना दांड्या. स्थान: तिसऱ्या थराची वही आणि भिंतीचे फोटो यांच्यामध्ये. उपयोग अज्ञात, बहुधा धार्मिक.'

"अहो ताई, माझा चष्मा आहे तो!"

"असेल. मी अंदाज करत नाही."

"मग धार्मिक कुठून आलं?"

"कळलं नाही की धार्मिक. पद्धतच आहे तशी."

सोमवारी नोंदकाराची कायम होण्याची परीक्षा होती. नऊ वर्षं हंगामी राहून मिळालेली पहिली संधी आणि वयोमर्यादेमुळे शेवटचीही. चष्म्याशिवाय त्याला प्रश्नपत्रिका आणि टेबल यांतला फरक चाचपूनच कळला असता. तो तडक प्रमुखांकडे गेला.

"नोंदवहीत आवकचा रकाना आहे, जावकचा नाही," प्रमुख हळहळले. "तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं वस्तू परत मागायला येतील असं कुणाला वाटलं होतं?"

"साहेब, मी तीन हजार वर्षांपूर्वीचा नाही हो."

"थर तिसरा ना? मग वस्तू तीन हजार वर्षांची. तुमचं वय आस्थापना विभाग बघतो."

"निदान माझ्या नाकावरचे वण तरी बघा!"

प्रमुखांनी भिंग मागवलं. बराच वेळ पाहिलं. मग गहिवरून हाक मारली, "ताई, लिहून घ्या! वस्तूचा ठसाही उपलब्ध!"

नाकाला सत्तेचाळीस-अ क्रमांक मिळाला. शिंकण्यासाठी लेखी परवानगी लागू झाली.

वस्तू परत मिळण्याचा अर्ज होता, पण अक्षर मुंगीएवढं. बायकोने तो वाचून दाखवला. "यात विचारलंय, वस्तू शेवटची कधी पाहिली?"

"डोळ्यांवर असताना दिसणार कशी?"

"मग 'कधीच नाही' लिहिते."

शुक्रवारी अर्ज फेटाळला गेला: अर्जदाराने वस्तू पाहिलेलीच नाही.

सोमवारी परीक्षेला एकच प्रश्न आला. शेजारच्या उमेदवाराने दया येऊन कुजबुजत सांगितला, "टेबलावरच्या वस्तूचं वर्णन करा." नोंदकाराने हात पुढे केला. डाव्या दांडीला बायकोने गुंडाळलेला दोरा बोटांना लागला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने वाकड्यातिकड्या ओळींत लिहिलं: 'चष्मा. माझा. दोरा बायकोने बांधलाय.'

शून्य मार्क. शेरा: 'वैयक्तिक मत.' शेजारच्याने 'बहुधा धार्मिक' लिहिलं. आज तो नोंदकाराच्या खुर्चीत बसतो.

वस्तू आता मुख्य दालनात, काचेच्या पेटीत आहे. तिच्यासमोर रांगा लागतात. गेल्या रविवारी तुम्हीही होतात की! नाकावरचा चष्मा सारखा करून तुम्ही वाकलात, पाटी दोनदा वाचलीत आणि शेजारच्याला म्हणालात, "कशाला वापरत असतील बुवा? काही कळत नाही."